जुन्या लोहमार्गांचा लोकोपयोग
(नभोवाणीवरील भाषण)

आज आगगाडीविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि सांगणारा आहे जाफराबादचा. ज्या गांवीं आजवर रूळ पोंचलेले नाहींत त्या गांवच्या एका निवृत्त शाळामास्तरानें लोहमार्गांचा इतिहास सांगावा, याचें कोणाला नवल वाटल्यास तें अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्याच्या वाड्यांत आड नसतो त्यालाच घागरीचें वजन बरोबर ठाऊक असतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील आमच्या मुलखाला आगगाडी म्हणजे जालना स्टेशन. तेथवर पूर्वीं बैलगाडीनें, पुढें एस्. टी.नें जावयाचें आणि मग मनमाडची किंवा हैदराबादची वाट धरावयाची, हा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ. गाडी असणें म्हणजे काय आणि नसणें म्हणजे काय, याचा विचार परिस्थितीनेंच आमच्याकडून करवून घेतला आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत लोहमार्ग सुरू झाल्याच्या तारखा असतात. १८५३ सालच्या एप्रिलची १६ तारीख, बोरीबंदर ते ठाणें हा २१ मैलांचा पहिला प्रवास, हें वाक्य मीं किती वर्गांकडून पाठ करून घेतलें असेल त्याची गणती नाहीं. पण लोहमार्ग बंद पडल्याच्या तारखा कोणत्याहि पुस्तकांत नसतात. शेवटची गाडी निघून गेली, सिग्नलचा हात कायमचा आडवा राहिला, तिकिटांची खिडकी मिटली, म्हणजे इतिहासकारहि पाठ फिरवितो. वास्तविक तेथूनच दुसऱ्या एका इतिहासाला प्रारंभ होतो. ती जमीन, ते पूल, त्या इमारती आणि त्या विहिरी यांचें पुढें काय होतें? लोकांच्या जमिनीवर आणि लोकांच्या श्रमानें उभें राहिलेलें हें धन पुन्हां लोकांच्या उपयोगी पडतें, कीं वाटेंतच नाहींसें होतें? वऱ्हाडांत आणि खानदेशांत हा प्रश्न आज अगदीं दाराशीं येऊन उभा आहे. म्हणून तो आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आरंभ आमच्याच मार्गापासून करूं. मनमाडहून औरंगाबाद, म्हणजे हल्लींचें छत्रपति संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड या मार्गानें सिकंदराबादेस जाणारा ३९१ मैलांचा हैदराबाद-गोदावरी व्हॅली लोहमार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला. मुलूख निजामाचा आणि मार्ग चालविणारी कंपनी लंडनची, अशी त्या वेळची व्यवस्था होती. १९३० सालीं निजाम सरकारनें तो कारभार आपल्या हातीं घेतला, आणि हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झाल्यानंतर हा मार्ग भारतीय रेल्वेंत सामील झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होतें. १९९० च्या दशकापासून ते रूळ उखडून त्या जागीं रुंद रूळ बसविण्यांत आले. जालन्याच्या तरुण पिढीला हा बदल ऐकूनहि ठाऊक नसतो, आणि तेंच या बदलाचें यश होय. जुना मार्ग नाहींसा झाला नाहीं; त्याच वाटेवर नवा मार्ग आला, इतकेंच.

या साध्या उदाहरणांतून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. लोहमार्ग म्हणजे रूळ नव्हेत. रूळ झिजतात आणि बदलले जातात. त्यांखालचे लांकडी सलीपाट कुजतात. इंजिनें भंगारांत जातात. या सर्वांत टिकाऊ आणि मोलाची वस्तु म्हणजे जमिनीची ती लांबच लांब पट्टी. ती अखंड असते. तिचा चढ सौम्य असतो, कारण आगगाडीला बैलाप्रमाणें खांदा देऊन चढ चढतां येत नाहीं. तिच्या वाटेंतील प्रत्येक ओढ्यानाल्यावर पूल किंवा मोरी बांधलेली असते. अशी पट्टी मिळविण्यासाठीं शेंकडों शेतकऱ्यांच्या शेतांचे लचके घेतलेले असतात. ती अखंड आहे तोंवर तिचे दहा उपयोग करतां येतात. पण एकदां तिचे तुकडे पडले, मध्यें कोणाचें घर आणि कोणाचें गोदाम उभें राहिलें, कीं ती पुन्हां जुळविणें कोणत्याहि सरकारला दुष्कर होऊन बसतें. माझ्या पुढील सर्व विवेचनाचा हाच कणा आहे.

आतां बार्शी लाइट रेल्वेची कथा घ्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या एका इंग्रज इंजिनियरानें ही रेल्वे काढली. त्याचा सिद्धांत असा कीं, गरीब मुलखाला श्रीमंत मुलखाची रेल्वे परवडत नाहीं. तेव्हां रुळांमधलें अंतर अडीच फूट ठेवावें, प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं देऊं नये, म्हणजे हलके रूळ आणि हलके पूल पुरे होतात. १८९७ सालीं बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, अशी पहिली गाडी धांवली. पुढें एक फांटा पंढरपुरास गेला, दुसरा १९११ सालीं लातुरास पोंचला, आणि १९२७ सालीं मार्ग मिरजेस जाऊन भिडला. सुमारें २०२ मैलांची ही छोटी रेल्वे बार्शीचा कापूस, लातूरची गळिताचीं धान्यें आणि पंढरीचे वारकरी वाहत राहिली. वारीच्या दिवसांत तिच्यावर किती भार पडत असेल याची कल्पना ज्यानें पंढरीची गर्दी पाहिली आहे त्यालाच करतां येईल.

१९५४ च्या प्रारंभीं सरकारनें ही रेल्वे विकत घेतली. मार्ग छोटा, गति मंद, आणि शेजारून डांबरी सडका धांवूं लागलेल्या. त्यामुळें ती बंदच करावी असें म्हणणारे लोक थोडे नव्हते. ती बंद करून जमिनी वांटून टाकल्या असत्या तर त्या काळीं फारसें कोणी रडलेंहि नसतें. परंतु तसें झालें नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या सुमारें बारा-पंधरा वर्षांत, कोठें वळणें बदलून आणि धाराशिवसारख्या ठिकाणीं वाट थोडी फिरवून, पण मुख्यतः त्याच जुन्या दिशेनें, कुर्डुवाडी–पंढरपूर, कुर्डुवाडी–लातूर आणि पंढरपूर–मिरज हे मार्ग रुंद करण्यांत आले. लातूर शहरांतून छोटी गाडी ज्या वाटेनें जात असे ती वाट आतां नागरी वस्तीचा भाग झाली आहे. "जुनी रेल्वे लाईन" हें नांव लोकांच्या पत्त्यांत तेवढें उरलें आहे.

या सगळ्याचें मोल कळावयास २०१६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मांजरेचें धरण कोरडें पडलें आणि लातूरसारख्या मोठ्या शहराला प्यावयाला पाणी राहिलें नाहीं. नळ आटले, टँकरभोंवतीं मारामाऱ्या होऊं लागल्या, आणि जमावबंदीचा हुकूम काढण्याची पाळी आली. अशा वेळीं मिरजेहून रेल्वेनें पाणी आणण्याचें ठरलें. मिरजेला कृष्णेचें पाणी उचलण्याची रेल्वेची स्वतःची व्यवस्था होती; तेथील हैदरखान विहीर या नांवानें ओळखली जाणारी जुनी विहीर या कामीं आली. विहिरीपासून स्टेशनापर्यंत घाईघाईनें नळ घालण्यांत आले. राजस्थानांतल्या कोट्याच्या कारखान्यांत वाफेनें धुऊन स्वच्छ केलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेस आल्या. १२ एप्रिल २०१६ रोजीं पहाटे पहिली गाडी दहा वाघिणींतून पांच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोंचली. कांहीं दिवसांनीं पन्नास वाघिणींची, म्हणजे पंचवीस लाख लिटरांची गाडी सुरू झाली. ऑगस्टपर्यंत अशा १११ खेपा झाल्या आणि सुमारें २६ कोटि लिटर पाणी ३४२ किलोमीटरांची वाट तुडवून लातूरच्या घागरींत पडलें.

श्रोतेहो, ती वाट कोणती होती? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. कॅल्थ्रॉपची, कापसाची आणि वारकऱ्यांची तीच वाट. आणि ती विहीर कोणती? जिच्यांत मिरजेसारख्या मोठ्या जंक्शनाच्या गरजेसाठीं रेल्वेनें कृष्णेचें पाणी आणून ठेवण्याची सोय केली होती ती. वाफेचें इंजिन हें कोळशाबरोबर पाणीहि खातें. म्हणून त्या काळीं प्रत्येक मोठ्या स्टेशनावर विहीर, पंप, उंच टांकी आणि पाणी भरण्याचा सोंडेसारखा नळ हीं असावयाचींच. इंजिनासाठीं पाणी शोधणाऱ्या त्या जुन्या लोकांच्या स्वप्नांतहि नसेल कीं आपली ही पद्धत पुढें एका तहानलेल्या शहराच्या कामीं येईल. जुन्या वास्तूचा लोकोपयोग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बाग, संग्रहालय किंवा उपाहारगृह येतें. मराठवाड्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढें मात्र ती पाण्याची गाडी यावी. लोकोपयोग याहून मोठा कोणता असणार?

मोठ्या गोष्टींबरोबर लहानांचीहि आठवण ठेवावी. रेल्वेचें टाकाऊ सामान आपल्या लोकांनीं सरकारी ठरावाची वाट न पाहतां केव्हांच उपयोगांत आणलें आहे. कितीतरी खेड्यांतील शाळांची घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. त्यावर लोखंडी दांड्यानें ठोका दिला कीं जो नाद निघतो तो पितळी घंटेहूनहि दूर जातो, हें प्रत्येक खेडवळ शाळामास्तर जाणतो. जुने रूळ कुंपणाच्या आणि तारांच्या खांबांना लागले, छपरांच्या तुळयांना लागले. सलीपाटांच्या लांकडांचे बांक आणि उंबरे झाले. लोकांना वस्तूचा उपयोग शिकवावा लागत नाहीं. शिकवावी लागते ती अखंड वस्तु अखंड ठेवण्याची दृष्टि, कारण तुकडा उचलून नेणें एकट्याला जमतें. पट्टी राखणें मात्र सर्वांनीं मिळून करावें लागतें.

आतां इमारतींकडे वळूं. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, पूर्वींचें व्हिक्टोरिया टर्मिनस, हें फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणें १८७८ पासून दहा वर्षें बांधलें जात होतें. २००४ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. तेथें एका भागांत आतां रेल्वेचें छोटें संग्रहालय आहे. परंतु इमारतीचा खरा प्राण म्हणजे तिच्यांतून रोज जाणारे लाखों लोक. वापर हाच तिचा रक्षक आहे. भायखळ्याच्या जुन्या स्टेशनाचें उदाहरण त्याहून साधें. मुंबईच्या अगदीं पहिल्या स्टेशनांपैकीं हें एक. रंगांच्या थरांखालीं आणि टपऱ्यांआड त्याचें मूळ रूप झांकून गेलें होतें. नागरिकांच्या एका संस्थेनें आणि रेल्वेनें मिळून तें मूळच्या रूपास आणलें, २०२२ सालीं काम पुरें झालें, आणि युनेस्कोनें आशिया-प्रशांत प्रदेशासाठीं ठेवलेल्या वारसा-पुरस्कारांपैकीं एक त्याला दिला. स्टेशन स्टेशनच राहिलें. लोकांना मात्र तें पुन्हां दिसूं लागलें.

जेथें गाड्याच थांबल्या तेथें निराळा मार्ग घ्यावा लागतो. नागपूरच्या मोतीबाग भागांत बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून छोट्या गाड्यांचा कारखाना होता. सातपुड्याच्या डोंगरांतून जाणाऱ्या अडीच फुटी मार्गांची इंजिनें आणि डबे तेथें दुरुस्त होत. त्याच परिसरांत १४ डिसेंबर २००२ रोजीं छोट्या लोहमार्गांचें संग्रहालय उघडलें. पुढें नागपूर–छिंदवाडा व नागपूर–नागभीड हे छोटे मार्ग बंद झाले. परंतु त्यांचीं इंजिनें, दिवे, घंटा, टोकन देण्याचीं यंत्रें हीं तेथें पाहावयास मिळतात. मुलांना तेथें आणून इंजिनाच्या पोटांत आग आणि पाणी यांची गांठ कशी पडत असे हें प्रत्यक्ष दाखवितां येतें. पदार्थविज्ञानाचा असा धडा फळ्यावर खडूनें देतां येत नाहीं.

डब्यांचाहि विचार करावा. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हां रेल्वेनें पांच हजारांहून अधिक जुने डबे रुग्णांना निराळें ठेवण्यासाठीं तयार केले. बहुतेकांवर ती पाळी आली नाहीं. पण २०२१ च्या एप्रिलांत नंदुरबारांत रुग्णालयांतल्या खाटा पुरेनाशा झाल्या तेव्हां स्टेशनावरच्या डब्यांत रोग्यांची शुश्रूषा झाली. आदिवासी जिल्ह्याच्या ठिकाणीं, जेथें नवी इमारत बांधावयास वर्षें लागलीं असतीं, तेथें रुळांवरून दवाखाना चालत आला. हल्लीं मुंबई-नागपूरच्या स्टेशनांवर जुन्या डब्यांचीं उपाहारगृहें केलीं आहेत. त्यांत वावगें कांहीं नाहीं, रेल्वेला चार पैसे मिळतात. मात्र नंदुरबारचा डबा आणि उपाहारगृहाचा डबा यांत लोकोपयोगी कोणता, हें सांगण्याची गरज नाहीं.

ज्यांना दुसरें जीवन लाभलेंच नाहीं अशाहि वास्तु आहेत. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. तो बांधतांना पटकी, ताप आणि अपघात यांनीं हजारों मजूर मेले. खंडाळ्याजवळ गाडी एका टोंकाला नेऊन इंजिन उलट बाजूस जोडावें लागे. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ सालीं नवे बोगदे झाले आणि तें स्टेशन सोडून देण्यांत आलें. त्याच्या खुणा अजून तेथें आहेत. शेजारच्या द्रुतगति मार्गावरून रोज हजारों मोटारी जातात. आपण एका मोठ्या रणभूमीवरून चाललों आहों याची प्रवाशांना गंधवार्ताहि नसते. निदान मेलेल्या मजुरांची आठवण सांगणारी एक शिळा तेथें असावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणतां येईल का? स्मरण हाहि एक लोकोपयोगच आहे.

परदेशांत या प्रश्नाचा विचार आपल्याआधीं झाला, कारण तेथें लोहमार्ग आपल्याआधीं निरुपयोगी ठरूं लागले. पॅरिसमधलें ओर्से स्टेशन १९०० सालीं बांधलें गेलें. लांब गाड्यांना त्याचे फलाट अपुरे पडूं लागले, आणि १९८६ सालीं तेथें चित्रकलेचें जगप्रसिद्ध संग्रहालय उघडलें. त्याच शहरांत बास्तीयपासून निघणारा एक मार्ग १९६९ सालीं बंद झाला. त्याच्या उंच कमानींवर १९९३ सालापर्यंत झाडांनीं भरलेली पायवाट तयार झाली. न्यूयॉर्कमध्यें कारखान्यांना माल पोंचविणारा, रस्त्यांच्या डोक्यावरून जाणारा मार्ग १९८० पासून बंद होता. तो पाडून टाकावा असा जोराचा पक्ष होता. पण रहिवाशांनीं तो वांचविला आणि २००९ पासून तेथें हाय लाइन या नांवाची बाग झाली. तिची कीर्ति मोठी आहे. तिच्याबरोबर आसपासच्या घरांचीं भाडींहि इतकीं वाढलीं कीं जुन्या गरीब वस्तीला त्याचा त्रासच झाला, हेंहि विसरूं नये.

मला या बागांहून अमेरिकेचा एक कायदा अधिक शहाणपणाचा वाटतो. १९८३ सालीं तेथें अशी तरतूद झाली कीं, एखाद्या कंपनीला मार्ग चालविणें परवडेनासें झालें तर तिनें ती पट्टी तुकड्यांनीं विकूं नये. एखाद्या स्थानिक संस्थेनें ती पायवाट किंवा सायकलींची वाट म्हणून सांभाळावी, आणि पुढें कधीं रेल्वेची गरज पडली तर ती पुन्हां रुळांसाठीं मोकळी करावी. म्हणजे पट्टी जणूं पेढींत ठेव म्हणून ठेवावयाची. व्याज आजच्या लोकांनीं खावें, मुद्दल उद्यांच्यासाठीं शाबूत राहावें. याच्या उलट इंग्लंडनें काय केलें तें पाहा. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तेथें हजारों मैलांचे मार्ग बंद झाले आणि पुष्कळ जमिनी विकून टाकण्यांत आल्या. एडिंबरोहून दक्षिणेस जाणारा एक मार्ग १९६९ सालीं बंद केला. लोकांनीं फार आरडाओरड केली, पण उपयोग झाला नाहीं. त्याच मार्गाचा अवघा तीस मैलांचा भाग परत सुरू करावयाला २००६ सालीं निराळा कायदा करावा लागला, २०१५ साल उजाडलें, आणि तीस कोटि पौंडांच्या आसपास खर्च आला. पट्टी मोडण्याची किंमत ती ही.

हा धडा आपल्याला आजच लागू आहे. वऱ्हाडांत यवतमाळपासून मूर्तिजापुरावरून अचलपुरापर्यंत सुमारें १९० किलोमीटरांचा छोटा मार्ग आहे. लोकांनीं त्याला प्रेमानें शकुंतला हें नांव दिलें. कापसाच्या व्यापारासाठीं एका खासगी कंपनीनें तो काढला होता. देशांतील इतर रेल्वे सरकारच्या झाल्या तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि सरकार तिला मोबदला देत राहिलें. १९२१ सालीं मँचेस्टरला बनलेलें वाफेचें इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत या मार्गावर राबत होतें. गेल्या दशकांत या गाड्या थांबल्या. खानदेशांतली पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरांची छोटी गाडी २०२० सालच्या मार्चांत थांबली. ती मोठी करण्याचें काम मात्र हातीं घेण्यांत आलें आहे. वर्ध्याकडे पुलगांव–आर्वी मार्गाचीहि तीच कथा. कोठें रुळांत बाभळी उगवल्या आहेत, कोठें जवळच्या शेताचा बांध हळूच सरकत आहे.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, आम्हांला बागा नकोत, गाडी हवी." म्हणणें अगदीं रास्त आहे. ज्या मुलखांतील शेतमजूर थोडक्या पैशांत या गाडीनें बाजारास जात असे, त्याच्या वाटेवर फुलझाडें लावून त्याला समजावणें ही थट्टा होईल. म्हणून माझें सांगणें पहिल्यानें हेंच आहे कीं, जेथें मोठी गाडी येऊं शकते तेथें ती आणावी. जुन्या मार्गाचें सर्वांत चांगलें नवें जीवन म्हणजे नवा मार्ग, हें जालन्यानें आणि लातुरानें दाखविलें आहे. परंतु ती येण्यास दहा-वीस वर्षें लागणार असतील, तर तोंवर ती पट्टी उघड्यावर टाकूं नये. तिच्यावर शाळकरी मुलांना चालावयास आणि सायकलीनें जावयास वाट करावी, दोन्ही कडांना झाडें लावावींत, बंद स्टेशनाची खोली वाचनालयास किंवा दवाखान्यास द्यावी, विहिरीचा गाळ काढावा. हें सर्व "मार्ग आला कीं सोडून द्यावें" या लेखी अटीवर. वहिवाटीखालीं असलेली जमीन सहसा चोरीस जात नाहीं. पडीक जमीनच जाते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यांच्या आजा-पणजांच्या जमिनी रेल्वेसाठीं घेतल्या, ते म्हणतील, गाडी गेली तर जमीन आमची आम्हांला द्या. त्यांच्या म्हणण्यांतहि न्यायाचा अंश आहे, आणि तो नाकारून चालणार नाहीं. परंतु परत दिलेला हातभर रुंदीचा तुकडा एका घराला दोन पायली धान्य देईल. अखंड राहिलेली पट्टी मात्र पन्नास गांवांना एखाद्या दिवशीं पाणी देईल. त्या घराला योग्य मोबदला द्यावा, त्या वाटेवरच्या झाडांचा आणि राखणीचा पहिला हक्क त्या गांवाकडे ठेवावा, पण पट्टी मोडूं नये. कायद्यानें असें करणें शक्य आहे. त्याला हवी असते ती लोकांच्या मागणीची ताकद.

शेवटीं आमच्या जिल्ह्याकडे येऊं. औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग तोडून १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला, आणि जाफराबाद त्याचा एक तालुका झाला. जालना–खामगांव लोहमार्गाची मागणी आमच्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. आजोबांनीं सह्या केल्या, नातवांनींहि केल्या. २०२४ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें जालन्याहून भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या बाजूनें जळगांवास जाणाऱ्या १७४ किलोमीटरांच्या नव्या मार्गास संमति दिली. त्यास सात हजार कोटि रुपयांहून अधिक खर्च धरला आहे. म्हणजे जेथें इतरत्र जुने मार्ग मोडत आहेत, तेथें आमच्याकडे नवे येण्याचा काळ आला आहे.

नवें घर बांधणारा शहाणा मनुष्य पावसाळ्यांत पाणी कोठून जाईल हें आधीं पाहतो. नवा लोहमार्ग आंखतांना त्याप्रमाणेंच त्याच्या शंभर वर्षांनंतरचा विचार आतांच करावा. पुलाखालून गुरें आणि बैलगाड्या जाण्यास पुरेशी जागा ठेवावी. मातीसाठीं जेथें खड्डे खणले जातील तेथें तळीं होतील असे खणावेत. जालन्यासारख्या तहानलेल्या जिल्ह्यांत तें तळें स्टेशनाइतकेंच मोलाचें ठरेल. प्रत्येक स्टेशनाजवळ पाणी उतरून घेण्याची आणि भरून देण्याची सोय असावी, म्हणजे लातुरावर आली तशी वेळ आली तर घाईघाईनें नळ घालीत बसावें लागणार नाहीं. आणि गांवोगांवच्या ग्रामपंचायतींनीं आपल्या हद्दींतील रेल्वेच्या जमिनीचा नकाशा, मोजमापासह, आपल्या दप्तरांत आजच ठेवावा. पुढें कोणी ती पट्टी कुरतडूं लागला तर तो कागदच गांवाच्या वतीनें बोलेल.

श्रोतेहो, वेळ संपत आली. आपल्यापैकीं पुष्कळ जण शहरांत राहतात आणि रोज आगगाडीनें जातात. येत्या रविवारीं आपल्या जवळच्या एखाद्या जुन्या स्टेशनावर घरांतल्या मुलांना घेऊन जा. तेथली विहीर, पाण्याची टांकी, दगडी भिंतीवरचें साल त्यांना दाखवा, आणि हें सर्व कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या घामानें उभें राहिलें हें सांगा. ज्या वस्तूचा इतिहास घरांत बोलला जातो ती वस्तु विकावयास निघाली तर निदान चार माणसें तरी विचारावयास उभीं राहतात.